कॉम्प्युटरातलं नाव

घरात छळ सोसणाऱ्या बायकांना मदत करणारी आमची संस्था आहे. मागच्या उन्हाळ्यात एक बाई आमच्या ऑफिसात आली आणि समुपदेशकांच्या खोलीकडे न वळता थेट माझ्या टेबलापाशी येऊन उभी राहिली. सहसा असं होत नाही. बायका आधी बाहेरच्या बाकावर टेकतात, माठातलं पाणी पितात, आपल्या आधी आत कोण गेलंय याचा अंदाज घेतात आणि मग कुणीतरी ताई त्यांना आत घेऊन जाते. मी इथल्या नोंदी सांभाळते, माझी खोली मागच्या बाजूला आहे. तिथे दोन कॉम्प्युटर, एक लोखंडी कपाट आणि वर्षानुवर्षांच्या फायली. तिथे गाऱ्हाणं सांगायला कुणी येत नाही. ती आली, सोलापूरच्या मे महिन्याने भिजलेलं कपाळ पदराने टिपलं आणि हळूच म्हणाली, "मॅडम, माझं नाव काढून टाका की." तिला खुर्ची दिली, पाणी दिलं, तेव्हा हळूहळू उलगडा झाला. बऱ्याच वर्षांपूर्वी ती आमच्याकडे आली होती. मारहाण, दोन-तीन बैठका, नवऱ्याचं हमीपत्र, आणि मग ती परत नांदायला गेली. आता पोरीचं लग्न जमत होतं. मुलाकडचं कुणीतरी आमच्या एका कार्यकर्तीच्या ओळखीतलं निघालं होतं. "वहीत होतं तोवर मला भ्या नव्हतं," ती म्हणाली. "आता सगळं कॉम्प्युटरात घातलंय म्हणं. कॉम्प्युटरातलं सगळ्यांना दिसतं ना?"

नाही दिसत, असं मी सांगितलं. कोणाला काय उघडता येतं, पासवर्ड कसे असतात, कोणी कुठली फाइल कधी उघडली त्याचीही नोंद कशी राहते, सगळं समजावलं. ती मान हलवत होती, पण पटल्याचं चेहऱ्यावर कुठेच नव्हतं. सगळ्यांशी बोलून ठरवते, कळवते, असं म्हणाले तर घाईने म्हणाली, "फोन करू नका. मीच येते."

ती गेल्यावर तिचं वाक्य माझ्यापाशी राहिलं. सगळ्यांना दिसतं हे काही खरं नव्हतं, पण वहीतलं नाव आणि कॉम्प्युटरातलं नाव यांत फरक आहे हे तिने ओळखलं होतं, आणि तो फरक खरोखरच आहे. आमच्या जुन्या नोंदवह्या त्याच कपाटात आहेत. जाड पुठ्ठ्याच्या, लाल कापडी पाठीच्या, कडेला वाळवीने नक्षी केलेल्या. विड्या वळणाऱ्या बायकांच्या हातातून आलेल्या अर्जांना अजून तंबाखूचा उग्र वास येतो. कपाट उघडलं की तो आधी नाकात शिरतो. त्या वह्यांमध्ये एखादी नोंद शोधायची तर माईंना विचारावं लागायचं. माई म्हणजे आमच्या सगळ्यांत जुन्या कार्यकर्त्या. त्या डोळे मिटून म्हणायच्या, "ती का? दोन पोरी होत्या, भाऊ रिक्षा चालवायचा, त्या वर्षी पाऊस नव्हता." मग त्या वर्षीची वही काढायची आणि पानं उलटत बसायचं. माईंच्या आठवणीखेरीज तिथपर्यंत वाट नव्हती. बाहेरचा माणूस कपाट फोडून आत शिरला असता तरी हाती फक्त पानांचा ढीग लागला असता. तेच मी रकान्यांत बसवलं. आता नावाची चार अक्षरं टाइप केली की एखाद्या बाईच्या आयुष्यातला सर्वांत वाईट दिवस डोळ्याची पापणी लवायच्या आत समोर येतो. समुपदेशक ताईंसमोर येतो, तसाच वाईट हेतूने कीबोर्डवर बसलेल्या माणसासमोरही येईल.

मग हे केलंच का? याचं उत्तर माझ्यापाशी आहे, आणि ते ठाम आहे. एकदा आलेली बाई पाच-सात वर्षांनी परत येते तेव्हा जुन्या ताई सोडून गेलेल्या असतात. नव्या ताईसमोर तिला सगळं पहिल्यापासून सांगावं लागतं: पहिला मार, पहिला गर्भपात, सासऱ्याचं वागणं. ते पुन्हा उगाळताना तिचा आवाज कसा होतो हे भिंतीपलीकडून मी ऐकलेलं आहे. फाइल सापडली तर ताई म्हणू शकतात, "तुमचं आधीचं मी वाचलंय, आता पुढचं सांगा." एवढ्या एका वाक्याने बाई खुर्चीत थोडी मागे टेकून बसते. दुसरं कारण अधिक गंभीर आहे. एका नवविवाहितेची नोंद करताना नवऱ्याचं नाव आणि पत्ता टाकला, तर त्याच नावापत्त्यावर आणखी एक फाइल निघाली, कित्येक वर्षांपूर्वीची, त्याच्या पहिल्या बायकोची. तिने सांगितलेले प्रकार वाचून ताईंनी पेन खाली ठेवलं. पहिलीची हकिगत दुसरीला सांगता येत नाही, कारण ती पहिलीची आहे. पण जे ताईंना कळलं त्यामुळे त्यांनी 'समजूत काढू, एक बैठक घेऊ' हा विचार सोडला आणि त्या मुलीला माहेरी सुखरूप पोहोचवण्याची तजवीज त्याच दिवशी केली. वह्यांच्या काळात त्या दोघी एकमेकींपासून दोन फळ्यांच्या अंतरावर पडून राहिल्या असत्या.

सापडणं तिच्या उपयोगाचं आहे आणि तेच तिच्या जिवावर उठू शकतं. माझं सगळं काम या दोहोंच्या मधल्या जागेत चालतं.

आता नावाचंच घ्या. सोलापुरात नावाचा रकाना सोपा नाही. मराठी, तेलुगू, कन्नड आणि दखनी उर्दू इथे एकाच नळावर ऐकू येतात. पूर्व भागातल्या पद्मशाली घरांत आडनाव आधी लावायची रीत, शेख कधी नावाआधी तर कधी नावानंतर. एकच लक्ष्मी कुठे लक्ष्मीबाई, कुठे लक्ष्मव्वा, आणि आधारकार्डावर इंग्रजी स्पेलिंगमध्ये तिसरीच कुणी. त्यात लग्नानंतर आडनाव बदलतं, काही घरांत तांदळाच्या ताटात अंगठीने नवं नावही लिहिलं जातं. शाळेच्या दाखल्यावरची सुनीता रेशनकार्डावर वैशाली होते. पोलिस ठाण्यातल्या अदखलपात्र नोंदीत ती एका नावाने असते आणि दवाखान्याच्या केसपेपरवर दुसऱ्या. संगणकाच्या लेखी या तीन वेगळ्या बायका आहेत. म्हणून आमच्याकडे प्रत्येकीला आधी एक क्रमांक मिळतो, आणि तिची असतील तेवढी नावं त्या क्रमांकाखाली जातात. त्यांतला पहिला रकाना असतो, 'तुम्हाला कोणत्या नावाने हाक मारायची?' बऱ्याच जणी माहेरचं नाव सांगतात, आणि ते सांगताना किंचित थांबतात.

लिपीनेही आम्हाला कमी छळलं नाही. युनिकोड, म्हणजे सगळ्या संगणकांवर अक्षरं सारखीच वाचली जाण्याची पद्धत, येण्याआधी ज्या फॉन्टमध्ये अहवाल टाइप झाले होते ते आता नुसते उघडले तर इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं दिसतात. एकेक फाइल रूपांतरित करायची आणि जोडाक्षरं डोळ्यांनी तपासायची. आणि रूपांतर झाल्यावरही काम संपत नाही. 'ॲ' हे अक्षर संगणकात दोन प्रकारे साठवलेलं असू शकतं: एक सलग अक्षर म्हणून, किंवा 'अ'वर चंद्र देऊन. डोळ्याला दोन्ही सारखीच दिसतात, शोधायला गेलं की वेगळी ठरतात. एकदा ॲसिडची धमकी दिल्याच्या नोंदी शोधत होते. आल्या त्या अर्ध्याच. उरलेल्या दुसऱ्या 'ॲ'मध्ये होत्या. तेव्हापासून प्रत्येक मजकूर साठवण्याआधी एकाच साच्यात आणला जातो. हा तपशील कंटाळवाणा वाटेल, पण अशा एका अक्षरामुळे एखादीला दिलेली धमकी आमच्या मोजणीतून गळते, आणि मोजणीतून गळलेली धमकी बैठकीत कुणाला आठवत नाही.

तारखेची गोष्ट तर सांगायलाच हवी. एका वर्षी आमच्या अहवालातल्या आलेखात जानेवारीचा खांब सगळ्यांपेक्षा उंच आला. ज्याने त्याने कारण सांगितलं, आणि ते पटण्यासारखं होतं: संक्रांतीला सिद्धेश्वराची गड्डा यात्रा, हातात पैसा, दारू, उशिरा घरी येणं. मला ते खटकलं म्हणून मी नोंदी उघडून बसले. बहुतेक तारखा १ जानेवारी. फॉर्म एका देणगीदार संस्थेकडून तयार आला होता आणि त्यात दिवस-महिना-वर्ष भरल्याशिवाय पुढे जाताच येत नव्हतं. बायका काय सांगतात? "दुसऱ्या बाळंतपणानंतर." "मार्कंडेयाच्या रथाच्या आदल्या दिवशी." "पहिल्या रोज्याला." "आषाढीला सगळे पंढरपूरला गेलते, घरात मी एकटीच होते." नोंदी करणाऱ्या मुलीला वर्षाचा अंदाज लागायचा, दिवस-महिना कळायचा नाही, आणि फॉर्म तर अडून बसलेला. तिने १ जानेवारी टाकलं. दुसरं काय करणार? तिच्या त्या नाइलाजातून शहरातल्या सर्वांत मोठ्या यात्रेवर आळ आला. आता आमच्याकडे तारखेचे तीन रकाने आहेत: तिने सांगितली तशी वेळ, तिच्याच शब्दांत, त्यावरून काढलेलं वर्ष किंवा महिना, आणि हा अंदाज किती भरवशाचा, ते. पहिला रकाना कधीच खोडायचा नाही. त्यातून आलेख निघत नाहीत, पण तो वाचला की कळतं, बाईच्या आठवणीत मार कशाला लागून राहिलेला असतो. बाळंतपणाला, सणाला, पोराच्या तापाला, माहेरहून आलेल्या माणसासमोर झालेल्या अपमानाला.

वैवाहिक स्थितीचा रकानाही असाच. विवाहित, अविवाहित, विधवा, घटस्फोटित. सरकारी फॉर्ममध्ये वर्षानुवर्षं हे चार पर्याय. नवऱ्याने दुसरी आणली, ही आईच्या घरी पत्र्याच्या खोलीत राहते, मंगळसूत्र घालते, कोर्टाची पायरी कधी चढली नाही. हिने कुठे खूण करायची? ती 'विवाहित'वर करते. २०११ च्या जनगणनेत विभक्त आणि घटस्फोटित यांचे आकडे वेगवेगळे मोजले गेले, तेव्हा विभक्त राहणाऱ्या माणसांची संख्या घटस्फोटितांच्या जवळजवळ तिप्पट निघाली. तोपर्यंत त्या बायका कुठे गेल्या नव्हत्या, होत्या तिथेच होत्या. महाराष्ट्रात परित्यक्तांच्या चळवळीने हेच ओरडून सांगितलं होतं. आकडा मिळाला की मागणी करता येते, यावर माझा विश्वास आहे. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची कुजबुज कितीतरी वर्षं चालू होती; २०१९ मध्ये सरकारी समितीने ८२ हजारांवर बायकांची पाहणी केली आणि त्यांतल्या १३ हजारांहून अधिक जणींचं गर्भाशय काढलेलं निघालं, तेव्हा कुठे कुजबुजीला कुणालाही झटकता न येणारं रूप आलं. म्हणून मोजायचंच. माझं भांडण मोजण्याशी नाही, मोजताना ती बाई उघडी पडण्याशी आहे.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत घरगुती हिंसेचे प्रश्न एका घरातल्या एकाच बाईला विचारतात, आणि तेही पूर्ण एकांत मिळाला तरच. एकांत नसेल तर तो भाग सोडून द्यायचा. मला हा नियम फार मोठा वाटतो. एवढ्या अवाढव्य पाहणीत, जिथे एकेका उत्तराला किंमत असते, तिथे कुणीतरी ठरवलं की बाई धोक्यात येणार असेल तर उत्तर नको. जागतिक आरोग्य संघटनेने २००१ मध्ये अशा संशोधनासाठी जी तत्त्वं घालून दिली त्यांतही पहिली चिंता हीच आहे, बाईची सुरक्षितता. कुटुंब आरोग्य पाहणीच्याच पाचव्या फेरीत, २०१९ ते २०२१ या काळात, हिंसा सोसलेल्या बायकांपैकी १४ टक्क्यांनीच मदत मागितल्याचं दिसलं. आमच्या बाकावर येऊन बसणारी बाई या थोडक्यांतली. ती आली हीच मोठी गोष्ट आहे. तिने दिलेली माहिती आमच्या हातून तिच्या घरी पोहोचली, तर ती आणि तिच्या गल्लीतल्या चार जणी पुन्हा कधी कुठे जाणार नाहीत.

फोन नंबरचा रकाना म्हणूनच माझा सर्वांत काळजीचा. इतर कुठल्याही ऑफिसात तो एक आकडा असतो. आमच्याकडे त्याच्या मागे प्रश्नांची रांग आहे. फोन कोणाचा? रात्री कोणाकडे असतो? कॉल केव्हा चालेल? दुसऱ्या कुणी उचलला तर कुठून बोलतोय म्हणून सांगायचं? बायका पटापट सांगतात, जणू हा विचार आधीच करून आलेल्या असतात. "दुपारी बारा ते दोन, तेव्हा सासूबाई झोपतात." "शिवणक्लासमधून बोलतोय म्हणा." एकीने आमचा नंबर 'गॅसवाले' म्हणून ठेवला होता. एकदा एका माणसाने मोठ्या उत्साहाने आम्हाला सोय सुचवली, तारखेच्या आदल्या दिवशी सगळ्यांना आपोआप मेसेज जाईल. कोर्टाची तारीख चुकू नये म्हणून चांगलीच सोय, पण त्या मेसेजवर संस्थेचं नाव असणार आणि फोन नवऱ्याच्या खिशात. आम्ही नको म्हणालो. आजही फोन माणूसच करतं, रकाना वाचून.

आणि नवरे येतात. कधी गुर्मीत, कधी अगदी नम्रपणे, हातात मिठाईचा पुडा घेऊन. "माझी मिसेस इथं आली होती का हो?" ती आली असो वा नसो, दारात बसणाऱ्या मावशींपासून माझ्यापर्यंत सगळ्यांचं उत्तर एकच: अशी माहिती आम्ही कुणाचीच देत नाही. आली असेल तेव्हाच असं म्हटलं तर तेच उत्तर चुगली ठरेल, म्हणून रोज, प्रत्येकाला, त्याच शब्दांत. हेच शिस्तीचं बोलणं मी सॉफ्टवेअरलाही शिकवायचा प्रयत्न करते. ज्याला अधिकार नाही त्याने एखादा नंबर टाकून शोधलं, तर 'पाहण्याची परवानगी नाही' असं उत्तर येता कामा नये. कारण त्यातून कळतं की काहीतरी आहे. नुसतं 'काही सापडलं नाही' एवढंच यायला हवं.

देणगीदारांशी होणारी ओढाताण मात्र मला दमवते. कंपनी कायद्याने नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामाला द्यायचे म्हणून कंपन्यांचा पैसा येऊ लागला, त्याबरोबर त्यांचे तक्ते आले. लाभार्थींची यादी, आधार क्रमांक, शक्य असल्यास फोटो. ज्या कामात लाभार्थीचं नाव सांगणं हाच लाभ हिरावून घेणं आहे, तिथे हे मागणाऱ्याला समजावून सांगायला दरवेळी नव्याने सुरुवात करावी लागते. चांगली माणसं असतात, समजून घेतात. त्यांना आम्ही आकडे देतो, पण तेही चाळून. तालुकानिहाय तक्त्यात सांगोल्यातल्या एका गावची, एकोणीस वर्षांची, अमुक समाजाची, डीएड करणारी एक मुलगी, असं आलं की नाव लिहायची गरजच उरत नाही. गावातलं शेंबडं पोरही सांगेल कोण ते. म्हणून जिथे संख्या पाचाच्या आत असेल तिथे आकडा लिहायचा नाही. एवढ्यानेही भागत नाही, कारण जिल्ह्यातल्या अकरा तालुक्यांपैकी दहांचे आकडे आणि खालची एकूण बेरीज दिली तर कुणीही वजाबाकी करून अकरावा काढील. म्हणून आणखी एक खरा, निरुपद्रवी आकडाही झाकावा लागतो.

कायदा बदलतो तेव्हाही कपाट आणि कॉम्प्युटर दोन्ही हलतात. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली आणि सासरच्या छळाचं, सगळ्यांच्या तोंडी बसलेलं ४९८अ आता कलम ८५ झालं, पोटगीचं १२५ भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत १४४ वर गेलं. जुन्या केसमध्ये जुनंच कलम राहतं, नव्यात नवं, आणि बायका दोन्हीकडे 'चारशे अठ्ठ्याण्णव' म्हणतात. २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा जागच्या जागी आहे, हे त्यातल्या त्यात बरं. त्यात पहिल्या सुनावणीनंतर साठ दिवसांत अर्ज निकाली काढण्याचा प्रयत्न व्हावा असं लिहिलंय. आमच्या नोंदीत त्या साठ दिवसांसाठी एक रकाना आहे, आणि तो पाहून ताईंना काय वाटतं ते मी त्यांच्या चेहऱ्यावर वाचते.

नाव काढायला सांगणारी ती बाई डोक्यात घोळत असतानाच मला दुसरी एक बाई आठवत होती. तिचा नवरा कोर्टात सांगत होता, हिने स्वतःहून घर सोडलं, छळबिळ काही नव्हतं, वकिलाच्या सांगण्यावरून आत्ता रचलेली गोष्ट आहे. ती आमच्याकडे आली तेव्हा हताश होती. फाइल शोधली. खटल्याच्या कितीतरी आधीची नोंद, ताईंच्या अक्षरात, खाली हिचा अंगठा. आणि सोबत स्त्रीधनाची यादी. या याद्या मी टाइप करते तेव्हा माझा वेग आपोआप कमी होतो. मामाने दिलेलं पितळी घंगाळं, त्यावर नाव आणि लग्नाची तारीख कोरलेली. दोन ताटं, एकावर आत्याचं नाव. पाटल्या, त्यांतली एक वाकलेली. कपाट, आरशाला डाव्या कोपऱ्यात चीर. दहा-बारा वर्षं न पाहिलेल्या वस्तू बाई अशा सांगते, जशा आत्ता समोर मांडल्या आहेत. पुढे ताई त्या नोंदीसह कोर्टात उभ्या राहिल्या. 'आत्ता रचलेली' हे म्हणणं त्या कागदापुढे टिकलं नाही. घंगाळंही परत आलं, तिने ऑफिसात आणून दाखवलं, चिंचेने घासून लख्ख केलेलं.

वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात २००० मध्ये 'दिलासा' केंद्र सुरू झालं, त्यामागची एक जाणीव हीच होती: दवाखान्यात आलेल्या बाईला कुणी विचारलंच नाही, तर 'घरात पडली' एवढंच केसपेपरवर जातं. त्याआधी १९८४ मध्ये मुंबई पोलिस आयुक्तालयात टाटा समाजविज्ञान संस्थेने बायका-मुलांसाठी विशेष कक्ष उघडला, तेव्हाही प्रश्न तोच होता, बाईचं म्हणणं ऐकलं जाण्याचा. या सगळ्यांनी लिहून ठेवण्याची बाजू मजबूत केली, आणि मी त्या परंपरेत काम करते. पण आपल्याकडे त्याहून जुनी दुसरी परंपराही आहे. जोतीराव आणि सावित्रीबाईंनी १८६३ मध्ये पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं तेव्हा विधवांना दिलेलं आश्वासन होतं गुप्ततेचं: इथे येऊन बाळंत व्हा, मूल सोबत न्यायचं की इथेच ठेवायचं ते तुम्ही ठरवा, बोभाटा होणार नाही. ते वचन नसतं तर त्या दारात कोण आलं असतं? नावाविना मदत मिळण्याचा हक्क तिथे आधी आला.

आमच्या बैठकीत दोन्ही बाजू निघाल्या. माईंचं मत होतं, कागद कधीच नष्ट करू नये. नवरे म्हातारपणीही हात उचलतात, उद्या तिला लागेल. एका तरुण ताईचं म्हणणं, कागद तिचा आहे, ती म्हणते काढा तर काढा. व्यक्तिगत माहितीच्या २०२३ च्या कायद्यातही माहिती पुसून घेण्याचा हक्क आहेच, पण त्या खोलीत कायद्याचा मुद्दा कुणी लांबवला नाही. ती बाई सांगितल्याप्रमाणे स्वतःच आली. मी तिला म्हणाले, सगळे कागद तुमच्याकडेच देते, घेऊन जा, मग इथे काहीच राहणार नाही. ती बराच वेळ फाइलकडे बघत राहिली. मग म्हणाली, "नेऊन ठेवू कुठं? घरात माझी अशी एक पेटीबी नाही."

शेवटी तिनेच ठरवलं. कागद इथे राहावेत, कॉम्प्युटरातलं जावं. तिचं नाव, पत्ता, फोन, गाव, नवऱ्याचं नाव, हकिगत, सगळं तिच्यासमोर बसून काढलं. बॅकअपमधून निघायला अजून काही आठवडे लागतील हेही सांगितलं, कारण ते लपवणं बरोबर झालं नसतं. वार्षिक संख्येत एक बाई तेवढी राहिली. कागद पाकिटात बंद करून, वर नुसता क्रमांक घालून कपाटात गेले. क्रमांक लिहून देऊ का म्हटलं तर नको म्हणाली, पाठ करते. माईंना हे पूर्ण पटलेलं नाही. मलाही अधूनमधून वाटतं, तिला कधी घाईने लागलं आणि क्रमांक आठवला नाही तर? माझ्यापाशी याचं उत्तर नाही.

त्यानंतर आमच्या फॉर्ममध्ये एक प्रश्न वाढला. 'ही नोंद कधीपर्यंत ठेवायची, आणि कुणाला दाखवायची?' मला वाटलं होतं बायका गोंधळतील. त्यांची उत्तरं तयार असतात. "धाकटी अठराची होईस्तोवर." "दागिने मिळेपर्यंत." "कायम ठेवा, माझ्या नातीला वाचायला द्या." "सासू आहे तोवर नको, नंतर कुणालाबी दाखवा." सॉफ्टवेअर सांभाळणाऱ्या मुलाने विचारलं, मॅडम, यातून तारीख कशी काढायची? निघत नाही. म्हणून तो रकाना साध्या मजकुराचा ठेवला आहे, आणि दर वर्षी गड्डा यात्रा उठली की आम्ही दोघी-तिघी तो वरपासून खालपर्यंत वाचत बसतो. कुणाची मुलगी मोठी झाली, कुणाचं काय झालं, ज्या त्या ताईला विचारतो. यंदाच्या वाचनात कळलं, त्या 'सासू आहे तोवर' म्हणणाऱ्या बाईची सासू दिवाळीच्या सुमारास वारली. तिला विचारायला हवं, आता काय करायचं. कॉलची वेळ बारा ते दोन अशी लिहिलेली आहे, पण ती सासूच्या झोपेची वेळ होती, म्हणजे तीही आता नव्याने विचारावी लागेल. तिच्या ताई मंगळवारी फोन करणार आहेत, शिवणक्लासमधून.